प्रोजेस्टेरॉन: गोळी कुठे, कशी आणि कधीपर्यंत

मंडळी, फलकावर विषयाचं नाव लांबलचक लिहिलंय, पण घरोघरी या औषधाला एकच नाव आहे, ‘टिकवायची गोळी’. दिवस गेले, चार थेंब डाग दिसला, सोनोग्राफी झाली आणि चिठ्ठीवर प्रोजेस्टेरॉन आलं. समोर बसलेल्या निम्म्या जणींनी ते घेतलं असेल. बाकीच्यांनी बहिणीला, सुनेला, वहिनीला घेताना पाहिलं असेल. आज दोन गोष्टी बोलायचं ठरलंय: ही गोळी नक्की कुणाच्या उपयोगाची, आणि ती चालू असलेले आठवडे नीट कसे काढायचे. दुसरी गोष्ट आधी घेते, कारण कुणाच्या तरी पर्समध्ये आत्ता स्ट्रिप असेल आणि तिला ही माहिती आज रात्रीच लागणार आहे.

थोडी मागची ओळख हवी. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, तिला शाळेच्या पुस्तकात पीतपिंड म्हणायचे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तिथून येतं. गर्भाशयाचं अस्तर रुजण्याजोगं ठेवायचं आणि गर्भाशयाच्या स्नायूला शांत ठेवायचं, हे त्याचं मुख्य काम. 1929 साली अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन या दोघांनी गाभण सशिणींची अंडाशयं काढली, तेव्हा गर्भ टिकले नाहीत. मग तशाच सशिणींना पीतपिंडाचा अर्क टोचला, आणि गर्भ टिकले. साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान हे काम वार (प्लासेंटा) आपल्याकडे घेते. ही अदलाबदल लक्षात ठेवा, गोळी कधी थांबवता येते याचा तिच्याशी संबंध आहे.

इथे एक आडवाट घेते, कारण इंटरनेटवर ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन, कंदापासून’ असं लिहिलेली मलमं विकली जातात. कोकणातल्या माणसांना करांदा माहीत आहे, गुजरातेतून आलेल्यांना उंधियोतलं कोनफळ. त्याच कुळातला एक जंगली कंद मेक्सिकोत होतो. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने त्यातल्या डायोसजेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवायची रीत काढली. आधी ते जनावरांच्या अवयवांतून थेंबाथेंबाने मिळवावं लागे आणि सोन्यापेक्षा महाग पडे. विद्यापीठ आणि औषध कंपन्या मदतीला येईनात, तेव्हा हा माणूस स्वतः मेक्सिकोत गेला, गाड्या भरून कंद आणवले आणि 1943 मध्ये मेक्सिको सिटीत किलोच्या मापात प्रोजेस्टेरॉन तयार केलं. ही गोष्ट फार मोलाची आहे. पण ते रूपांतर प्रयोगशाळेत, एकामागून एक रासायनिक पायऱ्या चढून होतं. आपल्या शरीराला ते जमत नाही. करांदे उकडून जरूर खा, चवीला छान लागतात, त्यातून प्रोजेस्टेरॉन मिळणार नाही. त्या मलमाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका.

आता खरी तक्रार. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘1-0-1’. सकाळी एक, रात्री एक. कुठे, ते लिहिलेलं नसतं. बाई ती गिळते. किंवा दुकानातला मुलगा हळू आवाजात ‘खालून’ म्हणतो, तिला ऐकू येत नाही आणि परत विचारायची लाज वाटते. नरम कॅप्सूल बहुधा तोंडाने किंवा योनीतून, दोन्हीकडून वापरता येते आणि परिणाम वेगवेगळा होतो. ‘एसआर’ लिहिलेली गोळी मात्र हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते, ती अख्खी गिळायची, तोडायची नाही आणि योनीत ठेवायची नाही. म्हणून दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी एवढं एक वाक्य विचाराच: ‘ही गिळायची की आत ठेवायची?’ आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आत ठेवायची असेल तर रात्रीची गोळी सोपी. आधी लघवीला जाऊन या. नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुतलेले. पाठीवर पडून गुडघे वाकवा किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभ्या राहा. कॅप्सूल बोटाने आत, पाठीच्या दिशेने तिरकी सरकवा, साधारण बोटाच्या दोन पेरांइतकी. सहज जाईल तिथपर्यंतच. गर्भाशयाचं तोंड गरोदरपणात नाजूक झालेलं असतं. नख किंवा ॲप्लिकेटरचं टोक लागलं तर दोन थेंब लाल दिसतं आणि पुढची सगळी रात्र भीतीत जाते. कॅप्सूल कोरडी वाटली तर टोक साध्या पाण्यात ओलं करा. तेल, तूप, व्हॅसलीन लावू नका. दिवसाच्या गोळीनंतर वीस-तीस मिनिटं आडवं पडा. ऑफिसला जाणाऱ्यांनी सकाळची गोळी उठल्याउठल्या ठेवली तर चहा होईपर्यंत ती वेळ निघून जाते.

आणि मग ते पांढरं. याबद्दल आधी कुणी बोलत नाही. तासाभरात किंवा सकाळी उठताना चड्डीला पांढरट, मेणचट, कधी तेलकट काहीतरी लागतं. कॅप्सूलचं पिठूळ आवरण तसंच बाहेर येतं. बाईला वाटतं औषध वाया गेलं, ती लगेच दुसरी ठेवते. तसं करू नका. औषध तेलात किंवा मेणासारख्या चरबीत मिसळलेलं असतं. शरीराच्या उबेने ते वितळतं, औषध आतल्या त्वचेतून शोषलं जातं आणि उरलेलं तेल किंवा मेण बाहेर येतं. गोळी काही मिनिटांत अख्खीच्या अख्खी निसटली तरच नवी ठेवायची. पातळ पॅड वापरा, टॅम्पॉन नको, तो औषध शोषून घेतो. बाहेरून नुसत्या पाण्याने धुवा. आत पाण्याची धार मारू नका, साबण नको, ‘इंटिमेट वॉश’ नको. खाज सुटली, वास आला किंवा दह्याच्या गुठळ्यांसारखं जायला लागलं तर तो संसर्ग असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. बुरशीच्या संसर्गावरची गोळीही खालूनच घ्यायला सांगितली तर दोन्हींच्या वेळांमध्ये किती तासांचं अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

नागपूर, अकोला, परभणीकडच्या मैत्रिणींसाठी खास. पेसरी, म्हणजे आत ठेवायच्या मेणासारख्या वड्या, उन्हाळ्यात स्ट्रिपमध्येच वितळतात. ‘25 अंशांखाली’ असं छापलेलं असेल तर मे महिन्यात त्या कपाटात टिकणार नाहीत. हवाबंद डबीत फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मऊ पडलेली पेसरी वेष्टनासकट गार पाण्याखाली धरली की घट्ट होते, मग उघडा. नरम कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या तर ओढून वेगळ्या करू नका, फाटतात. दुकानदाराला दाखवून बदलून घ्या.

गिळायच्या गोळीचं तंत्र वेगळं. पोटातून गेलेलं प्रोजेस्टेरॉन यकृतात जातं आणि तिथे त्याचा बराच भाग असा बदलतो की झोप येते, गरगरतं. म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची, जेवण होऊन दीड-दोन तास झाल्यावर, कारण भरल्या पोटी ती जास्त शोषली जाते आणि गुंगी वाढते. सकाळचीही सांगितली असेल तर घेतल्यावर स्कूटीची किल्ली हातात घेऊ नका. डायड्रोजेस्टेरॉन ही प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारी 10 मिलिग्रॅमची गोळी तोंडानेच घ्यायची. तिने गुंगी कमी येते. ती रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत दिसत नाही, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून घाबरायचं कारण नाही. योनीतून घेतानाही रक्तातला आकडा लहान असू शकतो, कारण औषध थेट गर्भाशयाकडे जास्त पोचतं. शिवाय हे संप्रेरक लाटांनी सुटतं, सकाळ-संध्याकाळचे आकडे जुळत नाहीत. दर चार दिवसांनी तो आकडा तपासून काळजाचं पाणी करून घेऊ नका.

तेलातल्या इंजेक्शनचं थोडक्यात. तेल घट्ट असतं, म्हणून ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आधी दोन-तीन मिनिटं तळहातात धरून कोमट करायची. जाड सुईने भरायचं, बारीक लांब सुईने कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खोल आणि सावकाश द्यायचं. एक दिवस उजवी बाजू, एक दिवस डावी. नंतर दोन-तीन मिनिटं चोळायचं आणि कोमट कापडाने शेकायचं. गाठी येतात, हळूहळू विरतात. गाठ लाल, तापलेली आणि ठणकणारी झाली किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. शेंगदाणा किंवा तीळ सोसत नसेल तर आधी सांगा, काही इंजेक्शनं आणि कॅप्सूलमध्ये हीच तेलं असतात.

बद्धकोष्ठाचा त्रास अनेकींना होतो, कारण हे औषध आतड्याचा स्नायूही ढिला करतं. चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात, लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. भाकरी, पालेभाज्या, पेरू, भिजवलेले मनुके. घरात कुणी एरंडेल सुचवेल, तेवढं मात्र नको. स्तन दुखणं, पोट फुगणं, रडू येणं, हे गोळीमुळे आहे की गरोदरपणामुळे ते ओळखता येत नाही, दोन्ही एकाच संप्रेरकाची कामं. म्हणूनच ‘लक्षणं आहेत म्हणजे बाळ ठीक’ असं समजू नका, आणि लक्षणं कमी झाली म्हणून रडतही बसू नका. खात्री सोनोग्राफीनेच होते.

सासूबाई, आता तुमच्याशी बोलते. ‘पलंगावरून उतरू नको’ हे तुम्ही जिवापाड मायेने सांगता, ते दिसतं. पण झोपून राहिल्याने सुरुवातीचा गर्भपात टळतो असं संशोधनात आढळलेलं नाही. बद्धकोष्ठ वाढतं, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि मन कुढतं. तिला हंडा उचलू देऊ नका, बाकी तिला घरात फिरू द्या. जिना चढल्याने, शिंकल्याने, वाकल्याने गर्भ पडत नाही. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. ते गोळीने दुरुस्त होत नाही आणि ते कुणाच्या चुकीने झालेलं नसतं. हे वाक्य घरी जाऊन तिला म्हणून दाखवा.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, सात मिनिटं राहिलीत, आणि ज्यासाठी बोलावलं तो मुद्दा अजून बाकी आहे. भरभर सांगते.

कुणाला उपयोग होतो? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस अभ्यासात, पूर्वी अनेकदा गर्भपात झालेल्या आणि कारण न सापडलेल्या 836 स्त्रिया होत्या. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांत 65.8 टक्के जणींना मूल झालं, न घेतलेल्यांत 63.3. म्हणण्यासारखा फरक नाही. 2019 च्या प्रिझ्म अभ्यासात सुरुवातीलाच रक्तस्राव झालेल्या 4153 स्त्रिया होत्या, मात्रा 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सगळ्या मिळून 75 विरुद्ध 72 टक्के. पण ज्यांना रक्तस्रावही होत होता आणि आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते, त्यांच्यात 72 विरुद्ध 57. त्यावरून ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये सांगितलं: गर्भ गर्भाशयातच आहे हे सोनोग्राफीत दिसलं, रक्तस्राव आहे आणि पूर्वी एक तरी गर्भपात झालाय, तर ही मात्रा द्या. ठोके दिसले तर 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा. पहिलंच गरोदरपण, डाग नाही, आधी काही झालेलं नाही, तरी गोळी लिहिली असेल, तर ‘माझ्यासाठी कशाला?’ हे जरूर विचारा.

आयव्हीएफवाल्यांचं वेगळं. गोठवलेला भ्रूण औषधांनी तयार केलेल्या अस्तरात ठेवला असेल तर शरीरात पीतपिंड नसतोच. सगळं प्रोजेस्टेरॉन बाहेरून येतं. तिथे एकही मात्रा चुकवायची नाही आणि दहा-बारा आठवड्यांपर्यंत, डॉक्टर सांगतील त्या दिवसापर्यंत, स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

मात्रा विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. पुढची जवळ आली असेल तर तीच घ्या, दोन एकदम नकोत. बंद करायची वेळ आली की वार काम करत असते, त्यामुळे बरेच डॉक्टर मात्रा न उतरवता एकदम थांबवतात. भीती वाटेल, पण त्याने गर्भ पडत नाही.

आणि धोका: गोळी चालू असताना गर्भाची वाढ थांबली तरी रक्तस्राव उशिरा सुरू होऊ शकतो, म्हणून ठरलेली सोनोग्राफी टाळू नका. तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर येऊन पडणं, ताप, किंवा एकाच पायाला सूज आणि दुखणं, यात गोळी वाढवत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तस्राव होताच ते डॉक्टरांना सांगा, अँटी-डी नावाचं इंजेक्शन लागू शकतं.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: ‘रक्त जात असताना गोळी आत ठेवायची का?’ थोडा डाग असेल तर ठेवायची, थांबवायची नाही. रक्त जास्त असेल तर गोळी वाहून जाऊ शकते. तेव्हा डॉक्टरांना फोन करून गुदमार्गे चालणारी पेसरी किंवा तोंडाची गोळी घ्यायची का ते विचारा. काही पेसरी त्या वाटेनेही वापरतात. रात्री दोन वाजता डाग दिसला आणि पोटात कळ नसेल, तर ठरलेली मात्रा घ्या, पॅड लावा, रंग आणि वेळ लिहून ठेवा आणि सकाळी फोन करा.