पाऊस सरकला, वस्ती सरकली

अल्जीरियाच्या आग्नेय भागातील तासिली नाज्जेर पठारावरचे हे खडक. त्यांवर रेखलेली गुरे, गुराखी, जिराफ आणि पाणघोडे ज्यांनी काढले, ते लोक वाळवंटात राहत नव्हते. येथे १५,००० हून अधिक चित्रे व कोरीव आकृत्या आहेत, आणि त्यांतील जुन्या चित्रांच्या काळी सहारात गवताळ कुरणे व तळी होती.

या हिरवाईचे मूळ पृथ्वीच्या भ्रमणात आहे. पृथ्वीचा अक्ष अत्यंत संथपणे दिशा बदलतो, त्यामुळे ती सूर्याच्या सर्वांत जवळ असण्याचा काळ ऋतुचक्रात पुढेमागे होतो. आज तो जानेवारीत येतो. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तो उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येत असे. तेव्हा जमीन अधिक तापे, तिच्यावर कमी दाबाचा पट्टा तयार होई आणि अटलांटिकवरचे बाष्पयुक्त मोसमी वारे आजच्यापेक्षा पुष्कळ उत्तरेपर्यंत पोहोचत. वाढलेले गवत जमिनीतला ओलावा धरून ठेवी व पावसाला हातभार लावी. पुढे हे चक्र उलटत गेले आणि सुमारे ५,००० वर्षांपूर्वीपर्यंत पाऊस दक्षिणेकडे हटला.

दक्षिण इजिप्तमधील नाब्ता प्लायाच्या या खोलगट भागात पावसाळी तळे साचत असे. तळे आटू लागताच येथील माणसे निघून गेली नाहीत, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्यांनी खोल विहिरी खणल्या, गुरे जगवली, दगडांचे वर्तुळ उभारले, आणि भूजलही पुरेना तेव्हाच हा परिसर सोडला.

अशी अनेक कुटुंबे पिढ्यानपिढ्या नाईलकडे सरकली असावीत. पाऊसकाळात हे खोरे दलदलीचे असल्याने तेथे वस्ती विरळ होती. भोवतालचा प्रदेश कोरडा पडला, तसे तेच राहण्याजोगे झाले. नाईलचा पूर मुख्यतः इथिओपियाच्या उंच प्रदेशातील पावसावर येत असल्यामुळे, दूर गेलेला मोसमी पाऊसच नदीवाटे या माणसांच्या शेतात येत राहिला.

आज इजिप्तची सुमारे ९५ टक्के लोकसंख्या देशाच्या जेमतेम ५ टक्के भूमीवर, या पाण्याच्या काठी राहते. त्रिभुज प्रदेशाच्या सखल किनाऱ्यावर मात्र समुद्राचे खारे पाणी शेतजमिनीत शिरत असून तेथील शेतकऱ्यांपुढे राहावे की जावे, हा प्रश्न पुन्हा उभा आहे.