गाठ कडक का लागते?

स्तनातली गाठ बोटाला कडक लागते ती कशामुळे? कर्कपेशी दाटीने वाढल्यामुळे, असं बहुतेकांना वाटतं. पण सुटी कर्कपेशी मऊ असते, बरेचदा निरोगी पेशीपेक्षाही मऊ. बोटाला जाणवतो तो भोवतालच्या संयोजी ऊतीचा, म्हणजे स्ट्रोमाचा कडकपणा. कोलॅजेनचे जाड धागे आणि ते तयार करणारे फायब्रोब्लास्ट. त्वचेला खळी पडते, स्तनाग्र आत ओढलं जातं, तेही हीच ऊती आकसल्यामुळे. आजचा विषय हा भोवताल आहे.

आधी निरोगी रचना पाहू. दुग्धनलिकेच्या आतल्या बाजूला पोकळीला लागून असलेल्या पेशींचा थर, त्याला बाहेरून कवटाळणाऱ्या मायोएपिथेलियल पेशी, त्यांच्याबाहेर लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनचं पातळ अस्तर, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन. स्ट्रोमा त्याच्या पलीकडे. कर्कपेशी अस्तराच्या आत आहेत तोवर तो डीसीआयएस, म्हणजे नलिकेतच अडकून राहिलेला कर्करोग. अस्तर ओलांडलं की आक्रमक कर्करोग. सगळा उपचार या फरकावर बेततो, म्हणून पॅथॉलॉजिस्ट मायोएपिथेलियल थर रंगवून पाहतात. इथे एक हमखास चूक होते. स्मूथ मसल अ‍ॅक्टिनचा रंग या पेशींना लागतो, तसाच गाठीभोवतीच्या चेतवलेल्या फायब्रोब्लास्टनाही लागतो. मग थर नसलेल्या जागी तो शाबूत असल्याचा भास होतो. म्हणून केंद्रकात उमटणारा पी६३ आणि स्मूथ मसल मायोसिन असे दोन रंग मिळून पाहावेत. पी६३ची रेघ ठिपक्याठिपक्यांची, मधे तुटलेली दिसते. नुसत्या त्या फटीवरून आक्रमण ठरवू नये.

आता फायब्रोब्लास्टकडे. जखम झाली की हीच पेशी धावून येते, कोलॅजेन ओतते, आकसून जखमेच्या कडा जवळ आणते आणि काम संपलं की शांत होते. कर्कपेशी टीजीएफ-बीटा हे संदेश देणारं प्रथिन सोडत राहतात, त्यामुळे ती शांत होतच नाही. पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये कर्कगाठीला न भरणारी जखम म्हटलं ते याच अर्थाने. चेतलेला फायब्रोब्लास्ट सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन सोडतो. ते कर्कपेशीवरच्या सीएक्ससीआर४ या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटून तिची वाढ वाढवतं आणि नव्या रक्तवाहिन्यांसाठी लागणाऱ्या पेशीही ओढून आणतं. कुंपणानेच शेत खावं, तसा हा प्रकार.

कोलॅजेन नुसतं साठत नाही. लायसिल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) धाग्याला धागा पक्का जोडतं. उंदरांवरच्या २००५ मधल्या मोजणीत निरोगी स्तनग्रंथीची ताठरता सुमारे १७० पास्कल भरली, गाठीची सुमारे ४,००० पास्कल. पेशी आपल्या इंटेग्रिन ग्राहींनी धागे ओढून पाहते आणि धागा ताठ लागला की आत वाढीचे संदेश जोर धरतात. म्हणूनच प्लॅस्टिकच्या बशीत, जिची ताठरता शेकडो कोटी पास्कल असते, वाढवलेल्या पेशींवरून स्तनातलं वागणं ताडणं धोक्याचं आहे. जीवशास्त्रज्ञ मिना बिसेल यांच्या गटाने १९९७ मध्ये त्रिमितीय जेलमध्ये बीटा-१ इंटेग्रिन प्रतिपिंडाने अडवलं, तेव्हा कर्कपेशींनी पुन्हा नीटस, गोल रचना धरली. जनुकांतले दोष होते तसेच होते! मला या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग वाटतो.

धाग्यांची दिशाही पाहावी. गाठीला वेढा घालून असलेले धागे पेशींना थोपवतात. गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहिलेले धागे त्यांना बाहेर जायला रुळांसारखे उपयोगी पडतात. २०११ मध्ये १९६ रुग्णांच्या नमुन्यांत असे उभे धागे असणाऱ्यांचं आयुर्मान कमी आढळलं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. लोब्युलर या प्रकारच्या स्तनकर्करोगात पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन हरवल्याने पेशी एकामागे एक रांगेने पसरतात आणि कोलॅजेन फारसं चेतवत नाहीत. अनेकदा गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राममध्येही निसटते. कडक गाठ नाही म्हणजे काही नाही, असं मानू नका.

मग हा भोवताल औषधाने बदलता येईल का? अस्तर कुरतडणारी एमएमपी विकरं रोखायला मारिमास्टॅट हे औषध आलं. पसरलेल्या स्तनकर्करोगात ते चाललं नाही, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. पसरलेल्या रोगात अस्तर केव्हाच फुटलेलं असतं, या विकरांपैकी काही तर गाठीला आवर घालणारी आहेत, आणि सांधेदुखीमुळे पुरेसा डोस टिकवता येत नव्हता. याउलट, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन, म्हणजे अनेक स्तनकर्करोगांना पोसणारं संप्रेरक, मुख्यतः चरबीच्या ऊतीतलं विकर अ‍ॅरोमाटेज बनवतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल ही औषधं तेच विकर बंद करतात आणि रोज हजारो स्त्रियांना उपयोगी पडतात.

दुसरं यश हाडांतलं. १८८९ मध्ये इंग्लिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी ७३५ शवविच्छेदनांच्या नोंदींवरून बी आणि जमिनीची कल्पना मांडली होती: कर्कपेशी हे बी, आणि ते योग्य जमीन मिळालेल्या अवयवातच रुजतं. हाडात पोचलेली कर्कपेशी पीटीएचआरपी हे प्रथिन सोडते, त्याने ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशी, हाड पोखरतात, पोखरलेल्या हाडातून टीजीएफ-बीटा सुटतं आणि ते पेशीला आणखी पोसतं. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब ही औषधं ऑस्टिओक्लास्टना रोखून हे चक्र तोडतात. सुरू करण्याआधी दात तपासून घ्यावेत, काढायचे असतील ते आधीच काढावेत, कारण नंतर जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून भरून काढावं, आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देताना दर वेळी मूत्रपिंडाचं काम कळवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं.