डिस्चार्जनंतरचं आजारपण

आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला येणारे-जाणारे विचारतात, दुखतंय का, भूक लागते का, झोप येते का. तिथे काय काय दिसलं, हे सहसा कुणी विचारत नाही. मी विचारतो. आधी बरेच जण टाळतात. मग हळूच चौकशी करतात, ‘हे फाइलमध्ये लिहिणार का?’ आणि सांगायला लागतात. छतावर मुंग्यांची रांग होती. नर्स सलाईनमधून विष देत होती. हात बांधून मला गाडीत घालून कुठेतरी नेत होते. सांगणारा माणूस चांगला शहाणासुरता असतो. आजाराइतकीच त्याला भीती वाटत असते ती लोक आपल्याला वेडं ठरवतील याची.

हा डिलिरियम. त्यात वेड लागलेलं नसतं, मेंदूचं काम तात्पुरतं विस्कळीत झालेलं असतं. रक्तातला जंतुसंसर्ग, कमी पडलेला प्राणवायू, गुंगीची औषधं, चोवीस तास जळणारे दिवे, तुटक झोप, असं सगळं एकदम आलं की भल्याभल्यांचं भान सुटतं. २०१३ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्वसन निकामी झालेले किंवा शॉकमध्ये गेलेले, म्हणजे रक्तदाब धोकादायकरीत्या खाली गेलेले, ८२१ रुग्ण त्यात होते. त्यांच्यापैकी ७४ टक्क्यांना डिलिरियम झाला. म्हणजे इतक्या गंभीर आजारात चारांतल्या जवळजवळ तिघांना तो होतो. आणि ज्यांचा डिलिरियम जास्त दिवस टिकला, त्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती वर्षभरानंतरही जास्त घसरलेली आढळली. त्यात तरुणही होते. तेव्हा ‘आता सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग साधा हिशेब का जमत नाही?’ असं घरच्यांनी चिडून विचारू नये.

डिलिरियम म्हणजे आरडाओरडा, नळ्या उपटणं, असा आपला समज असतो. पण त्याचा एक गप्प प्रकारही आहे. माणूस निपचित पडून असतो, हाक मारली की डोळे उघडतो, परत मिटतो. ‘आज शांत आहेत’ म्हणून सगळ्यांना बरं वाटतं. आत काय चाललंय ते कुणाच्या लक्षात येत नाही. नातेवाईकांना इथे करण्यासारखं बरंच असतं. चष्मा आणि श्रवणयंत्र परत लावा. आज वार कोणता, आत्ता सकाळ आहे की रात्र, हे सांगत राहा. मुंग्या नाहीत म्हणून वाद घालू नका आणि आहेत म्हणून होकारही देऊ नका. ‘तुम्ही दवाखान्यात आहात, मी इथेच आहे’ एवढं म्हटलं तरी चालतं.

घरी आल्यावर खरी अडचण आठवणींची होते. प्रत्यक्ष घडलेलं पुसट होतं आणि भासातलं लख्ख राहतं. त्या भासांना बहुधा कुठेतरी खरा धागा असतो. नळ्या ओढू नयेत म्हणून हात खरंच बांधलेले असतात, खाटेसकट स्कॅनला खरंच नेलेलं असतं. म्हणून काही देशांत, सुरुवातीला स्कँडिनेव्हियात, नर्स आणि नातेवाईक रुग्णासाठी रोजची डायरी लिहू लागले. आज नळी काढली, धाकटी भेटून गेली, असं साधं. २०१० च्या एका युरोपीय चाचणीत अशा डायरीमुळे आघातोत्तर तणावाचा विकार (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंग नंतरही मनाला छळत राहणं) कमी आढळला. २०१९ च्या फ्रान्समधल्या चाचणीत मात्र फारसा फरक दिसला नाही. तरी मी डायरी सुचवतो. हरवलेल्या दिवसांचा हिशेब लागला म्हणून निवांत झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तिला लागतं काय, तर वही.

स्वभावातला बदल औषधातूनही येतो. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड जास्त मात्रेत चालू असली, की एरवी मितभाषी माणूस रात्री दोन वाजता कपाट आवरायला घेतो, नाही तर उगाच रडतो. १९७२ च्या एका जुन्या पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत असे मानसिक त्रास १.३ टक्क्यांना, तर ८० च्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्क्यांना झाले होते. हे डॉक्टरांना जरूर कळवा. गोळी मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका, त्यातून जिवावर बेतू शकतं.

आता उदासीनता, म्हणजे डिप्रेशन. थकवा, भूक नसणं, झोप उडणं ही तिची लक्षणं आणि आजाराचीही. मग ओळखायचं कसं? १९८३ मध्ये रुग्णालयांसाठी एक प्रश्नावली तयार झाली, तिच्यात शरीराचे असे प्रश्न मुद्दाम वगळले होते. भर होता तो पूर्वी ज्यात रमायचात त्यात अजून मन लागतं का, हसू येतं का, यावर. घरच्यांनीही हेच विचारावं.

हार्ट अटॅकनंतर उदासीनता आलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे १९९३ पासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मग उदासीनतेवर उपचार केले की आयुष्य वाढेल, अशी आशा होती. २००३ च्या मोठ्या चाचणीत मन थोडं सावरलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. कॅन्सरमध्येही तेच. डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये आला. मन प्रसन्न असलेले त्यात जास्त जगले नाहीत. मला हे निकाल निराशाजनक वाटत नाहीत, उलट मोकळं करणारे वाटतात. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण केमोनंतर उलट्यांनी बेजार झालेल्या बाईला त्यातून ऐकू येतं ते असं, की रडलीस तर आजार तुझ्यामुळे वाढेल. तिला रडू द्या. उदासीनतेवर उपचार करायचे ते ती स्वतःच पुरेशी छळते म्हणून.

शेवटचं नातेवाईकांविषयी. आयसीयूबाहेर बसून काढलेले दिवस त्यांच्याही अंगावर राहतात. फ्रान्समधल्या २००५ च्या एका अभ्यासात तीन महिन्यांनंतर सुमारे एक तृतीयांश नातेवाईकांत तणावविकाराची ठळक लक्षणं होती. रुग्णाच्या अखेरच्या निर्णयांत ज्यांनी भाग घेतला होता, त्यांच्यात याहून कितीतरी जास्त. आणि त्यांच्या नावाचा केसपेपर नसतो. म्हणून फेरतपासणीला सोबत आलेल्या माणसालाही मी बसवून घेतो आणि विचारतो, फोन वाजला की छातीत धस्स होतं का? बरेच जण आधी रुग्णाकडे बघतात, मग हो म्हणतात.