जोनच्या कपाटातले विनोद

नमस्कार श्रोतेहो.

17 फेब्रुवारी 1965. न्यूयॉर्कच्या एका टेलिव्हिजन स्टुडिओत 31 वर्षांची एक बाई पाहुण्यांच्या खुर्चीत बसली आहे. समोर जॉनी कार्सन. त्याचा ‘टुनाइट शो’ म्हणजे अमेरिकेचा रात्रीचा रिवाज. तो बघायचा आणि मग दिवे मालवायचे. पाहुणे निवडणाऱ्या मंडळींनी या बाईला त्याआधी कितीतरी वेळा नाकारलं होतं. शेवटी बोलावलं, तेही विनोदी लेखन करणारी मुलगी म्हणून. माइकसमोर उभं राहून विनोद सांगायची परवानगी नव्हती, खुर्चीत बसून गप्पा मारायच्या होत्या. तिने गप्पाच मारल्या, आणि कार्सन सगळ्या देशासमोर तिला म्हणाला, ‘तू स्टार होणार!’

ती जोन रिव्हर्स. आजच्या पंधरा मिनिटांत मला तिच्याविषयी बोलायचं आहे.

तिचं खरं आडनाव मोलिन्स्की. जन्म 8 जून 1933 चा, ब्रुकलिनमधला. आईवडील रशियातून आलेले ज्यू, वडील डॉक्टर. मुलगी बर्नार्ड कॉलेजात शिकली, 1954 मध्ये पदवीधर झाली. आता चांगल्या घरी पडेल, एवढीच घरच्यांची अपेक्षा. तिला मात्र रंगमंचावर उभं राहायचं होतं. सुरुवातीला ‘पेपर जानेवारी’ असं नाव घेऊन ती बॉस्टनच्या एका बारमध्ये विनोद सांगायला गेली आणि पहिल्याच रात्री कामावरून काढली गेली. पुढे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या छोट्या क्लबांत ती फुकट कार्यक्रम करायची. एका रात्री लोक अजिबात हसले नाहीत. त्या वेळी लेनी ब्रूस, म्हणजे बोलण्यापायी ज्याला अटकही झाली तो विनोदवीर, तिथे बसला होता. त्याने तिला चिठ्ठी पाठवली: ‘तुझं बरोबर आहे, त्यांचं चुकतंय.’ ती चिठ्ठी तिने जवळ ठेवली, अडीअडचणीला कामाला येणाऱ्या पुंजीसारखी. जवळजवळ तीस वर्षांनी, 1994 मध्ये, तिने याच लेनीच्या आईवर ब्रॉडवेचं नाटक केलं. लेखनात तिचा हात होता, आईची भूमिकाही तिचीच, आणि तिला टोनी या अमेरिकेतल्या मोठ्या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. मधल्या काळात ती ते ऋण विसरली नव्हती, असं मला वाटतं.

आता तिचा विनोद चिथावणारा का वाटला, ते सांगते. 1967 मध्ये ती गरोदर असताना टेलिव्हिजनवर आली. पोट दिसत होतं, पण ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायचा नाही, अशी ताकीद होती. छोट्या पावलांचा आवाज लवकरच ऐकू येईल, अशा आडवळणाने बोलायचं. त्याच काळात तिला गर्भपाताविषयी बोलायचं होतं. तो शब्द तर दूरच! मग तिने एक तोड काढली. एका बाईचं ‘अपेंडिक्सचं ऑपरेशन’ चौदा वेळा झालं, असं ती सांगायची. समोर बसलेल्या बायकांना लगेच कळायचं. त्या हसायच्या, आणि त्या हसण्यात सुटकाही असायची. लग्न, वय, शरीर, नवऱ्याचं दुर्लक्ष, मूल नको असणं, हे बायका एकमेकींच्या कानात बोलत होत्या. जोनने ते माइकवर आणलं. ‘कॅन वुई टॉक?’ हे तिचं पालुपद होतं. जरा मोकळं बोलूया का, असं शेजारणीने कट्ट्यावर सरकून विचारावं, तसं.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. अभिनेत्री एलिझाबेथ टेलरच्या वजनावर तिने वर्षानुवर्षं विनोद केले, ते मला आजही आवडत नाहीत. बायकांना स्वतःच्या शरीराची लाज सोडायला शिकवणारी बाई दुसऱ्या बाईच्या शरीराला हात घालते, तेव्हा वाईट वाटतं.

1983 मध्ये कार्सनने तिला आपली कायमची बदली सूत्रसंचालक केलं. तो सुट्टीवर गेला की खुर्ची जोनची. ते मानाचं पद होतं, पण तिचा करार त्याच्या करारापेक्षा एक वर्षाने कमी मुदतीचा केला गेला. मग कार्सननंतर कोण, याची एक यादी तिच्या हाती आली. त्यात सगळे पुरुष होते आणि तिचं नाव नव्हतं, असं ती सांगत असे. त्याच सुमारास नव्याने उभ्या राहणाऱ्या फॉक्स वाहिनीने तिला स्वतःचा कार्यक्रम देऊ केला. तिने होकार दिला.

बातमी कार्सनला तिने सांगण्याआधीच दुसऱ्यांकडून कळली, आणि हे त्याच्या मनाला फार लागलं. त्याचं दुःख खोटं नव्हतं. जोनने त्याला फोन केला. तिच्या सांगण्याप्रमाणे त्याने फोन आपटला. 2005 मध्ये तो वारला, तोपर्यंत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याच्याकडचे पुरुष विनोदवीर आपापले कार्यक्रम काढायला बाहेर पडले, तेव्हा कोणी त्यांना बेइमान म्हटलं नव्हतं, असं जोन आयुष्यभर म्हणत राहिली. तिचं म्हणणं मला पटतं. त्या फोनचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

9 ऑक्टोबर 1986 ला तिचा ‘लेट शो’ सुरू झाला. अमेरिकेच्या मोठ्या वाहिनीवर रात्रीच्या वेळी बाईच्या नावाने चालणारा असा कार्यक्रम तोवर झाला नव्हता. निर्माता तिचा नवरा, एडगर रोझेनबर्ग. वाहिनीच्या साहेबांचं आणि त्याचं पटेना. त्याला काढ, तू राहा, असं तिला सुचवलं गेलं. तिने ऐकलं नाही. मे 1987 मध्ये दोघांनाही काढलं. ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात एडगरने आत्महत्या केली.

श्रोतेहो, इथे मला थोडं थांबायचं आहे. काम गेलं, नवरा गेला, आणि एकोणीस वर्षांची मुलगी मेलिसा बापाच्या जाण्याचा दोष आईला देत होती. एक वेळ अशी आली की जोनने स्वतःलाही संपवायचं मनात आणलं. तिचा छोटा कुत्रा, स्पाइक, येऊन मांडीवर बसला, आणि आपल्यामागे याचं कोण करणार, या विचाराने ती थांबली, असं ती सांगे. मग त्याच दिवसांत एकदा मायलेकी हॉटेलात जेवायला गेल्या. दोघींत बोलणं नाही. जोनने मेनूकार्ड उघडलं, किमती बघितल्या आणि म्हणाली, तुझ्या बाबांनी हे दर पाहिले असते, तर त्यांनी पुन्हा जीव दिला असता. मेलिसा हसली. किती दिवसांनी हसली. त्या टेबलापासून दोघींचं नातं पुन्हा जुळायला लागलं. हे वाक्य ऐकून अंगावर काटा येतो. दुसऱ्या कोणी उच्चारलं असतं, तर क्षमा नव्हती. पण ज्या घरावर दुःख कोसळलं, त्याच घरातल्या बाईने ते उच्चारलं, आणि पोर वाचली.

रात्रीचे दरवाजे मात्र बंदच राहिले. कार्सनने तिला कार्यक्रमात येऊ दिलं नाही, त्याच्यानंतर आलेल्या जे लेनोनेही नाही. पण काम करायचं थांबेल ती जोन कसली! 1989 मध्ये दुपारचा कार्यक्रम सुरू केला, त्यासाठी 1990 मध्ये एमी हा टेलिव्हिजनचा मोठा पुरस्कार मिळवला. टीव्हीवरून दागिने विकले. पुरस्कार सोहळ्यांच्या लाल गालिच्यावर उभी राहून नटनट्यांना ‘आज कोणाचे कपडे घातलेत?’ असं विचारू लागली, आणि तो प्रश्न सगळीकडे रूढ झाला. कोणतंही काम तिने कमी लेखलं नाही.

आणि घरात होतं ते कपाट. ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटासारखं, छोट्या छोट्या खणांचं. प्रत्येक विनोद टाइप करून एकेका कार्डावर, विषयवार लावलेला. स्वयंपाकाचे वेगळे, संसाराचे वेगळे. साठ हजारांहून अधिक विनोद! 2010 मध्ये तिच्यावर निघालेल्या माहितीपटात ते कपाट दिसतं, आणि तिची कामांची डायरीही दिसते. भीती म्हणजे काय ते दाखवते, असं म्हणून ती त्या डायरीचं कोरं पान उघडते. त्याच माहितीपटात, एका कार्यक्रमात एक माणूस मध्येच ओरडतो. त्याचा मुलगा बहिरा आहे, आणि जोनने केलेला विनोद त्याला झोंबलेला असतो. ती त्याच्यावर तुटून पडते, अगदी ठणकावून सांगते की विनोद असतो तो सगळ्यावर हसून सगळं सोसता यावं म्हणून. नंतर मात्र ती त्या माणसासाठी हळहळते. मला ही दोन्ही रूपं खरी वाटतात.

2013 मध्ये ज्यूंच्या संहारावर केलेल्या विनोदासाठी एका ज्यू संघटनेने तिचा निषेध केला. तिने माफी मागितली नाही. आपल्या नवऱ्याचे बहुतेक नातलग त्यात गेले, असं ती म्हणाली. त्यांची आठवण काढायची तिची रीत हीच होती.

फेब्रुवारी 2014. ‘टुनाइट शो’ची खुर्ची जिमी फॅलनकडे आली. त्याच्या पहिल्या भागात क्षणभरासाठी जोन आली. तारीख 17 फेब्रुवारी, पहिल्या वेळेनंतर बरोबर 49 वर्षं. पुढच्या महिन्यात ती रीतसर पाहुणी म्हणून गेली, 28 वर्षांनी त्या खुर्चीत बसली.

त्याच वर्षी 28 ऑगस्टला घशाच्या एका तपासणीदरम्यान तिची प्रकृती बिघडली, आणि 4 सप्टेंबरला ती गेली. वय 81. पण त्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, 27 ऑगस्टला, ती मॅनहॅटनच्या 42 व्या रस्त्यावरच्या एका छोट्या तळघरातल्या नाट्यगृहात होती. नवे विनोद तपासायला ती तिथे नेहमी जायची. त्या संध्याकाळी ती तासभर बोलली. आपण 81 वर्षांच्या आहोत, कधीही जाऊ शकतो, इथेच कोसळलो तर तुम्हाला सांगता येईल की आम्ही तिथे होतो, असं तिने समोरच्यांना सांगितलं. लोक हसले, आणि ती पुढच्या विनोदाकडे वळली.