माशी वाकडी, नेम सरळ

[दृश्य : चतुःशृंगीची जत्रा, संध्याकाळ. फळीवर टेकवलेली छर्र्याची बंदूक, मागे फुग्यांच्या रांगा.]

नवरात्रातली संध्याकाळ. सेनापती बापट रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. देवीचं दर्शन घेऊन लोक पायऱ्या उतरतात आणि पोरं आईबापांना ओढत पाळण्यांकडे नेतात. पाळण्यांच्या अलीकडे हा फुगेवाला.

फट्.

एक फुटला. पुढचे तीन हुकले.

या बंदुकीबद्दल पुण्यात घरटी एक तज्ज्ञ सापडतो. त्याचं म्हणणं असं, की हिची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक खुंट, मुद्दाम वाकवलेला असतो. नेम धराल तर छर्रा शेजारून जाणार. खरंखोटं फुगेवाल्यालाच ठाऊक. आम्ही त्याला विचारलं. तो हसला आणि आणखी एक छर्रा भरून बंदूक पुढे केली.

[दृश्य : द्रुतगती मार्ग, बोरघाटातले बोगदे.]

हाच खेळ घाटाखाली वेगळ्या रूपात भेटतो. खोपोलीजवळचं इमॅजिका हे मनोरंजन उद्यान २०१३ साली सुरू झालं. पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. तिथल्या एका राइडचं नाव ‘अलीबाबा और चालीस चोर’. गाडीत बसायचं, हातात बंदूक घ्यायची, अंधाऱ्या गुहेत शिरायचं आणि दिसेल त्या चोरावर नेम धरायचा. छर्रा नाही, दारू नाही, फट् तर नाहीच.

[दृश्य : काळा पडदा. टीव्हीचा रिमोट, समोर मोबाइलचा कॅमेरा.]

मग लागतं काय? जगभरात अशा अनेक राइड्समध्ये एक जुनी युक्ती वापरतात, आणि ती तुमच्या घरातही आहे. टीव्हीचा रिमोट घ्या, त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही. पण बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. तो अवरक्त प्रकाश. चाप ओढला की बंदुकीतूनही असाच प्रकाश सुटतो, ठरावीक लयीत उघडझाप करत. ही लय म्हणजे बंदुकीची सही. लक्ष्यात बसवलेला संवेदक ती ओळखतो. म्हणूनच एकाच चोरावर बाप आणि लेक दोघांनी बार टाकला, तरी गुण ज्याचे त्यालाच जातात. भांडण होतंच, ते वेगळं.

अंधारात चमकणारे रंग दिसतात ते अतिनील दिव्यांमुळे. राइडला जाताना पांढरा शर्ट घालून बघा. धुण्याच्या पावडरीतली चकाकी आणणारी द्रव्यं त्या प्रकाशात उजळतात आणि अख्खा माणूस निळसर पेटल्यासारखा दिसतो.

[दृश्य : जुन्या पद्धतीची नेमबाजीची जागा, रेखाचित्र.]

सुरुवात मात्र शिशापासूनच झाली. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये नेमबाजीच्या जागेत खऱ्या शिशाचे छर्रे उडवायचे. दिवसभराच्या माऱ्यानं लक्ष्यांचा रंग उडायचा, मग रात्री पुन्हा रंगवायची. १९८५ साली तिथं अवरक्त प्रकाश आला आणि रंगाऱ्यांची सुटका झाली. तिथं खेळणारा एका जागी उभा राहून मारायचा. १९९८ साली फ्लोरिडात डिस्नेनं ‘बझ लाइटइयर्स स्पेस रेंजर स्पिन’ ही राइड उघडली. तिच्यात खेळणारा चालत्या गाडीत बसतो. समोर गुण दाखवणारी पट्टी, शेजारी गाडी गर्रकन फिरवायची दांडी. गोल लक्ष्याला १०० गुण, चौकोनाला १,०००, शंकरपाळ्याच्या आकाराला ५,००० आणि त्रिकोणाला १०,०००.

त्या गाड्या एका अखंड साखळीत सरकत राहतात. चढण्याउतरण्यासाठी फलाटही गाडीच्याच वेगानं सरकतो, त्यामुळे रांग तुंबत नाही. मंडईतल्या गणपतीच्या रांगेत चार तास काढलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

[दृश्य : राइडच्या गाडीत एक कुटुंब. आजीच्या हातात बंदूक.]

या आजींनी आयुष्यात कधी बंदूक धरलेली नाही. पदर खोचून चाप दाबत सुटल्यात. नेम कुठे, डोळे कुठे. तरी गुण चढतायत. राइड बांधणाऱ्यांनी त्याची सोय करून ठेवलीय : लक्ष्यं भरपूर, जवळची लक्ष्यं मोठी, आणि प्रकाश छर्र्यासारखा टोकदार नसतो, पुढे जाता जाता पसरतो. फुगेवाल्याचं पोट तुमच्या हुकण्यावर. इथं तिकिटाचे पैसे आधीच घेतलेत, मग आजींना शून्यावर घरी पाठवून कुणाला काय मिळणार?

आम्हाला हे आवडलं. थोडं खटकलंही. बंदुकीला माशीच नाही, त्यामुळे आपला बार नेमका कुठे गेला ते कळत नाही. चोराचे डोळे पेटले की समजायचं, लागला.

[दृश्य : बालेवाडी, नेमबाजीचं मैदान. शांतता.]

माशीचं मोल कळतं ते बालेवाडीत. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेलं हे क्रीडासंकुल. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटरचा, छर्रा साडेचारचा. इथं कुणी चाप दाबत सुटत नाही. श्वास सोडायचा, थांबायचं, मग बोट हलवायचं. पुण्यात रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हा या शहरातल्या कितीतरी घरांनी पहिल्यांदाच एवढा वेळ नेमबाजी बघितली असेल.

[दृश्य : पुन्हा जत्रा. तोच फुगेवाला.]

खोपोलीला गाडीतल्या सगळ्यांना मागे टाकणारा आजींचा नातू आता फळीशी उभा आहे. चार छर्रे उडवले. चारही वाया. तिथं बार मोजायचे नव्हते. इथं मोजून पाच.

पाचवा भरून झाला. फुगेवाल्यानं इकडेतिकडे बघितलं, पोराच्या कानाशी वाकला.

“बाळा, जरा डावीकडं धर. उजवीकडं मारते ती.”

फट्.