निळ्या रेषेवरचा धाडसी निर्णय

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आइस हॉकीतल्या बचावपटूंविषयी, विशेषतः प्लेऑफच्या, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, दिवसांत ते जी चढाई करतात तिच्याविषयी बोलणार आहे.

एनएचएल, अर्थात उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या प्लेऑफमध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याशी ओळीने सात सामन्यांपर्यंत गाठ पडते. दोन-तीन सामन्यांतच आघाडीच्या खेळाडूंच्या सवयी समोरच्या संघाला पाठ होतात, त्यांच्यावर कडक पहारा बसतो, गोलजाळ्यासमोर दाटी होते आणि थोडीफार मोकळी जागा उरते ती गोलरेषेपासून 64 फुटांवरच्या, चढाईच्या क्षेत्राची हद्द ठरवणाऱ्या निळ्या रेषेपाशी. तिथे बचावपटू उभा असतो. त्याने तिथून नुसताच जोरदार फटका मारला, तर तो कुणाच्या तरी पायावर आदळतो. म्हणून जाणता बचावपटू आधी दोन पावले बाजूला सरकतो, पायांच्या गर्दीतली फट हेरतो आणि पक, म्हणजे ती रबरी चकती, बर्फालगत खाली सोडतो, जेणेकरून जाळ्यासमोरच्या सहकाऱ्याला ती वळवता यावी.

10 मे 1970 रोजी बॉस्टनमध्ये ब्रुइन्स आणि सेंट लुईस ब्लूज यांच्यातला अंतिम फेरीचा चौथा सामना 3-3 असा बरोबरीत होता. जादा वेळेची अवघी 40 सेकंदे झाली होती. ब्लूजचा खेळाडू मैदानाभोवतीच्या फळीलगतून पक बाहेर काढू पाहत असताना ब्रुइन्सचा बचावपटू बॉबी ऑर मागे न हटता पुढे घुसला. पक निसटला असता, तर त्याच्या पाठीमागे सगळे मैदान मोकळे होते. त्याने पक अडवला, जाळ्यामागच्या सहकाऱ्याकडे, डेरेक सँडरसनकडे दिला, धावत परत मिळवला आणि ब्लूजचा गोलरक्षक ग्लेन हॉलला चकवून गोल केला. ब्रुइन्सने 29 वर्षांनी स्टॅनले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकले. गोलनंतर हवेत झेपावलेल्या ऑरचे छायाचित्र जगभर गाजले. मला मात्र त्याआधीचा, फळीपाशी घेतलेला निर्णय अधिक मोलाचा वाटतो.

बचावपटू पॉल कॉफीने 1985 च्या प्लेऑफमध्ये 18 सामन्यांत 37 गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेले साहाय्य मिळून) मिळवले, तर 1994 मध्ये ब्रायन लीचच्या 34 गुणांच्या बळावर न्यूयॉर्क रेंजर्सचा 54 वर्षांचा दुष्काळ संपला. अर्थात गुणांची बेरीज म्हणजे विजयाची हमी नव्हे. 2024 मध्ये एडमंटनच्या इव्हान बुशार्डने 32 गुण मिळवले, तरीही अंतिम फेरीचा सातवा सामना फ्लोरिडाने 2-1 असा जिंकला.

तरीदेखील, बचाव आणि चढाई ही एकाच बचावपटूची दोन निराळी कामे आहेत, असे मी मानत नाही. 2022 च्या अंतिम फेरीत कोलोरॅडोने टॅम्पा बेला दुसऱ्या सामन्यात 7-0 असे हरवले. त्या दिवशी कोलोरॅडोचा बचावपटू केल मकारने दोन गोल केले, आणि त्यांतला पहिला त्याच्या संघाचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर बसलेला असताना, म्हणजे ज्या वेळी त्याने केवळ बचाव करावा अशी सर्वांची अपेक्षा असते, नेमका त्याच वेळी झाला.