आधी पाठ, मग चेहरा

नमस्कार. विषय दिलाय जुन्या ऑनलाइन फँटसी गेमचं ग्राफिक्स आणि कॅरेक्टर नवीन करणं, आणि तुमच्यापैकी बरेच जण बिफोर-आफ्टरचे फोटो बघायला आलेत हे मला माहितीये. ते मी आणलेले नाहीत. मुद्दामच. दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवले ना, की नवीन चेहरा जिंकतोच, त्यात काय, पंधरा वर्षांनी केलेलं काम आहे ते. पण खेळणारा माणूस असा शेजारी शेजारी बघत नाही. तो एका बुधवारी पॅच, म्हणजे गेमचं अपडेट, उतरवतो, लॉगिन करतो, आणि बघतो तर त्याच्या जागी कोणीतरी दुसराच उभा.

एक सांगा, तुम्ही स्वतःच्या कॅरेक्टरचा चेहरा नीट असा शेवटचा कधी बघितलात? कॅरेक्टर बनवताना ना? तासभर बसून नाक, भुवया, गालावरचा व्रण वगैरे सगळं केलं, नाव टाकलं, आणि त्यानंतर कॅमेरा गेला पाठीमागे तो गेलाच. पुढची दहा वर्षं तुम्ही बघता ती पाठ. खांदे, केसांचा मागचा भाग, पाठीवरची तलवार, पळताना कमरेत येणारा हेलकावा. गर्दीत तुमचा मित्र तुम्हाला ओळखतो तोही ह्यावरूनच, डोक्यावरचं नाव वाचायच्या आधी. म्हणजे ओळख पाठीत असते आणि भांडणं मात्र चेहऱ्यावरून होतात, कारण अपडेट आल्यावर पहिल्यांदा दिसते ती लॉगिनची स्क्रीन आणि तिथे चेहरा समोर असतो. माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळी उदाहरणं.

सगळ्यात जुनं घेऊ. एव्हरक्वेस्ट, 1999 चा गेम. 2001 च्या डिसेंबरमध्ये त्याचं शॅडोज ऑफ लुक्लिन हे एक्सपान्शन, म्हणजे गेममध्ये भर घालणारा मोठा भाग, आलं आणि त्यात कॅरेक्टरची नवीन मॉडेल्स दिली. गेम तीन वर्षांचाही झाला नव्हता हो, पण तेव्हा हार्डवेअर इतक्या झपाट्याने पळत होतं की तीन वर्षांत गेम म्हातारा दिसायचा. नवीन मॉडेलमध्ये पॉलिगॉन, म्हणजे ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी आकृती बनते ते, जास्त, कपडे बरे, चेहरे बरे, कागदावर सगळंच बरं. आणि खूप लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली, अगदी एकेका वंशाची वेगवेगळी (वंश म्हणजे माणूस, एल्फ असे कॅरेक्टरचे प्रकार). मशीनला झेपत नव्हती हे एक कारण, पण चांगली मशीन आल्यावरही अनेकांनी परत चालू केली नाहीत. का? चालणं वेगळं, उभं राहणं वेगळं. अंगाला अंग लागत नव्हतं म्हणा हवं तर.

आता थोडं जुन्या मॉडेलच्या पोटात शिरू, कारण बाहेरून लोकांना वाटतं नवीन मॉडेल बनवलं, जुनं काढलं, झालं. तसं नसतं, कारण तुम्ही एक कॅरेक्टर बदलत नसता, त्याच्या अंगावर आजपर्यंत चढलेला प्रत्येक कपडा बदलत असता. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घ्या, 2004 चा. त्यातलं जुनं चिलखत, म्हणजे छातीचा भाग, पँट, हातमोजे, हे बरंचसं वेगळं मॉडेल नसायचंच, ते कातडीवर रंगवलेलं चित्र असायचं. शरीराचं एक टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर गुंडाळायचं चित्र, त्यावर शर्टाचा थर, त्यावर चिलखताचा थर, सगळं एकत्र करून अंगाला गुंडाळलं. खांद्याचे तुकडे आणि शिरस्त्राण मात्र खरे, वेगळे चिकटवलेले. त्यामुळे नवीन शरीर बनवताना पहिली अट अशी की टेक्स्चरमध्ये छाती जिथे होती तिथेच राहिली पाहिजे, गुडघा होता तिथेच, नाहीतर हजारो जुन्या कपड्यांची बटणं काखेत जातात. हे टेलरकडे नेलेल्या कपड्यासारखं नाहीये, उलटं आहे, इथे कपडे ठरलेले आहेत आणि माणूस त्यात बसवायचाय.

आणि त्या जुन्या टेक्स्चरमध्ये प्रकाश पण रंगवलेला असायचा! हे नवीन लोकांना पटकन लक्षात येत नाही. इंजिनला तेव्हा धड सावली पाडता यायची नाही, म्हणून आर्टिस्ट हाताने हनुवटीखाली सावली काढायचा, दंडावर उजेडाचा पट्टा ओढायचा, पोटाचे स्नायू सगळे ब्रशने. आज तुम्ही त्यावर खरा प्रकाश टाकलात की दोन सूर्य झाले, एक चित्रातला आणि एक आकाशातला, दोघं वेगवेगळ्या दिशेला. मग लोक म्हणतात एआयने टेक्स्चर मोठं करून घ्या ना, एका रात्रीत होईल. होतं. पण रंगवलेली सावली पण मोठी होते, आणि जिथे आर्टिस्टने चार पिक्सेलमध्ये "इथे डोळा आहे असं समजा" म्हटलं होतं तिथे मशीन खरोखरचा डोळा काढायला जातं आणि जे निघतं ते बघवत नाही. ते चार पिक्सेल जुन्या जाड मॉनिटरवर, छोट्या रिझोल्यूशनला, लांबून बघायचे होते. जवळ जायचंच नव्हतं तिथे कोणी.

वॉरक्राफ्टवाल्यांनी मोठा बदल केला 2014 ला, वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर ह्या एक्सपान्शनच्या वेळी, म्हणजे मूळ गेमनंतर दहा वर्षांनी. मूळचे वंश नव्याने बनवले, चेहऱ्यात हाडं घातली. हाडं म्हणजे रिगमधली बरं का, मॉडेलच्या आतल्या हलवायच्या सांगाड्यातली, ज्यामुळे भुवई हलते, ओठ हलतो. आणि सगळं एकदम जमलं नाही, ब्लड एल्फ राहिले, ते आले 2015 च्या फेब्रुवारीत. गॉब्लिन आणि वोर्गन तर 2019 ला. म्हणजे मधली वर्षं एकाच गावात नवीन माणसं आणि जुनी माणसं शेजारी शेजारी उभी, आणि जी जुनी त्यांना अचानक आपण किती जुने दिसतो ते कळलं. अपडेटचा हा एक दुष्परिणाम असतोच, तुम्ही एक भिंत रंगवता आणि बाकीच्या तीन भिंती मळतात.

पण त्यांनी एक गोष्ट केली जी मी विद्यार्थ्यांना कायम दाखवते. ऑर्क नावाच्या वंशातला पुरुष पहिल्यापासून पाठीत वाकलेला होता. शरीरशास्त्राच्या दृष्टीने बघाल तर त्याला सरळ करायचा मोह होणारच, दहा वर्षं बिचारा मान खाली घालून फिरतोय. 2014 ला त्यांनी मॉडेल नवीन केलं पण वाकलेलंच ठेवलं. सरळ पाठ दिली ती 2018 ला, आणि ती पण ऑप्शन म्हणून, ज्याला हवी त्याने घ्यावी. ह्याला म्हणतात पाठ जपणं, अक्षरशः!

आता माझी स्वतःची फजिती सांगते, कुठल्या गेमवर ते विचारू नका. आम्हाला एका मानवी योद्ध्याचं मॉडेल नवीन करायचं होतं. जुन्याचे पाय आखूड होते, डोकं मोठं, हात गुडघ्यापर्यंत. मी म्हटलं प्रमाणात आणू, आणि पाय थोडे लांब केले, थोडेच, कोणाच्या लक्षातही येऊ नयेत इतके. मॉडेल सुंदर झालं, सगळ्यांनी वाहवा केली, टेस्टिंगला गेलं आणि दुसऱ्या दिवशीपासून रांग लागली. बाकावर बसलं की माणूस बाकाच्या वर हवेत बसतो, कारण बसायचं अ‍ॅनिमेशन जुन्या मांडीच्या मापाने. घोड्यावर बसलं की रिकीब पोटरीतून आरपार. चढावर पाय जमिनीत. डोक्याची उंची वाढली म्हणून कॅमेरा वर गेला, आणि कॅमेरा वर गेला म्हणून एका जुन्या तळघरात तो छतात घुसायला लागला आणि पलीकडचं सगळं दिसायला लागलं, दडवलेल्या खजिन्यासकट. पायाचं माप बदललं आणि घराचं छत फाटलं, असं कुठल्या शिंप्याच्या बाबतीत झालं असेल मला सांगा. शेवटी पाय परत आखूड केले, आणि लांब दिसावेत म्हणून बूट उंच आणि कंबरपट्टा वर घेतला. नजरबंदी. आजही तो तसाच आहे आणि लोक म्हणतात नवीन मॉडेल किती उंच दिसतं.

अ‍ॅनिमेशनचं तर आणखी अवघड, कारण तिथे फक्त दिसण्याचा प्रश्न नसतो. रनस्केपमध्ये, म्हणजे 2001 पासूनच्या गेममध्ये, टीझटॉक-जाड नावाचा एक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आहे. त्याच्याशी लढताना तो काय मारणार हे त्याच्या हालचालीवरून वाचायचं असतं, जादू मारणार असेल तर एक हालचाल, लांबून मारणार असेल तर दुसरी, आणि त्या क्षणी तुम्ही योग्य बचाव लावला नाही तर एका फटक्यात खेळ संपू शकतो. तो गेम 0.6 सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. आता एखाद्या उत्साही अ‍ॅनिमेटरने त्या हालचालीला नैसर्गिक करायचं म्हणून आधी थोडी तयारी, मग वजन, मग लय असं सगळं घातलं, म्हणजे शाळेत शिकवतात ते सगळं, तर दिसायला अप्रतिम होईल आणि लढाई मोडेल. जुन्या गेममधलं धक्केबाज अ‍ॅनिमेशन पुष्कळदा सिग्नलचं काम करत असतं. ते गुळगुळीत करण्याआधी खेळणाऱ्याला विचारा की तू ह्यात काय वाचतोस.

त्याच रनस्केपची पुढची गोष्ट जास्त गमतीची आहे. 2013 ला कंपनीने खेळणाऱ्यांचं मत घेतलं आणि 2007 च्या ऑगस्टमधल्या बॅकअपवरून जुना गेम परत चालू केला, ओल्ड स्कूल नावाने. जुनं रूप हवं म्हणून आलेली माणसं ही, म्हणजे ह्यांना ग्राफिक्स नको असेल असंच कोणालाही वाटेल. आणि ह्याच लोकांसाठी एका चाहत्याने एचडी प्लगइन, म्हणजे गेमला जोडायचा जादा प्रोग्राम, बनवलं, सावल्या, पाण्यावरची चमक, लांबवर धुकं. 2021 च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने आधी ते थांबवायला सांगितलं, तर खेळणाऱ्यांनी एवढा गोंधळ घातला की थोड्याच दिवसांत कंपनीला परवानगी द्यावी लागली. मग ह्यांना नवीन हवं होतं की जुनं? मला विचाराल तर ह्यात विसंगती काही नाही. त्या प्लगइनने उजेड बदलला, माणसं नाही. तोच ठोकळेबाज माणूस, त्याच चालीने, फक्त संध्याकाळच्या उन्हात. उजेड, पाणी, गवत, आकाश, ह्यावर कोणी तुमच्याशी भांडायला येत नाही, बिनधास्त करा. हात थरथरला पाहिजे तो कॅरेक्टरला हात लावताना.

उजेडाने पण दगा दिल्याचं एक उदाहरण आहे म्हणा. फायनल फँटसी चौदा. 2024 च्या डॉनट्रेल एक्सपान्शन बरोबर त्यांनी पहिलं मोठं ग्राफिक्स अपडेट केलं आणि त्याआधी एप्रिलमध्ये बेंचमार्क दिला, म्हणजे स्वतःच्या मशीनवर चालवून बघा आणि स्वतःचं कॅरेक्टर पण बघून घ्या. लोकांनी बघितलं आणि ओरड सुरू झाली, डोळे मेलेले दिसतायत, ही मी नाहीच. मॉडेलमध्ये काही दुरुस्त्या लागणार होत्याच, पण मोठा घोळ हा की कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवरचा प्रकाशच धड नव्हता, त्यामुळे डोळ्यातली चमक गेली. प्रोड्यूसर नाओकी योशिदा ह्यांनी माफी मागितली आणि मे महिन्यात बेंचमार्क दुरुस्त करून परत दिला. शिवाय गेम आल्यावर रूप बदलायचं औषध, फँटेशिया म्हणतात त्याला, एक बाटली फुकट, आणि ते प्यायल्यावर तासभर खेळून बघून परत बदल करायची सोय. हे मला फार आवडलं, कारण आरशासमोर ठीक वाटणारा चेहरा बाहेर उन्हात, पावसात, गुहेत कसा दिसतो हे हिंडल्याशिवाय कळत नाही.

ह्याच गेमने 2010 ला पहिल्यांदा तोंडावर आपटून घेतलं होतं, तेही ग्राफिक्सच्याच पायी. नंतर योशिदांनी सांगितलंय की त्या जुन्या आवृत्तीत एका फुलाच्या कुंडीला खेळाडूच्या कॅरेक्टरइतकेच पॉलिगॉन होते. नाकापेक्षा मोती जड! ऑनलाइन गेममध्ये बजेट एका माणसाचं नसतं, चाळीस जण एका बॉसभोवती उभे राहिले की काय होतं त्याचं असतं. गेम मोडीत काढून 2013 ला परत बांधावा लागला.

मगाशी मागून कोणीतरी विचारलं की सरळ दोन्ही का ठेवत नाही, जुनं-नवीन असं बटण द्यायचं. देतात काही जण, आणि खेळणाऱ्यांना आवडतं. पण त्याची किंमत आमच्या खोलीत बसून बघा. दोन सांगाडे, म्हणजे पुढचं प्रत्येक शिरस्त्राण दोनदा बसवायचं, गुणिले वंश, गुणिले स्त्री-पुरुष. अल्टिमा ऑनलाइन 1997 पासून चालू आहे, त्यांनी 2001 ला थ्रीडी क्लायंट, म्हणजे खेळणाऱ्याच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम, काढला, 2007 ला आणखी एक नवीन काढला, आणि जुना टूडी क्लायंट आजही लोक वापरतायत. एकदा दुसरं दार उघडलं की ते बंद करता येत नाही.

आम्ही मधला मार्ग काढला होता, शरीर सगळ्यांना नवीन पण चाल निवडायची, जुनी किंवा नवीन. आमच्या जुन्या धनुर्धारी बाईच्या उभं राहण्याच्या अ‍ॅनिमेशनमध्ये डाव्या कोपराला एक झटका बसायचा, साधा बग, लूप नीट जुळलेला नव्हता. आम्ही तो काढून टाकला होता. टेस्टर म्हणाले सगळं छान आहे पण बाई कोणीतरी वेगळीच वाटते, काय ते सांगता येईना कोणाला. दोन आठवडे आम्ही नाक, जबडा, केस करत बसलो. शेवटी एकीने सांगितलं, "अगं, ती वैतागायची ना उभी राहून राहून, आता वैतागत नाही." मग तो झटका मी हाताने फ्रेम बाय फ्रेम परत घातला, जुन्या चालीत आणि नवीन चालीत पण. त्या फाइलचं नाव अजूनही "झटका फायनल खरंच फायनल" असंच आहे.